हजार तास आणि सहा मिनिटं

ओझेला : तीन दिवस झाले, पोरी, तुझा नवरा माझ्या घरात परक्यासारखा वागतोय. ताटातला मासा तसाच. आज चर्चलाही आला नाही. पास्टरनी भर सभेत सांगितलं, आपल्या ओझेलाचा डेल्विन हवाई दल सोडून आता प्रवासी विमानं उडवणार. सगळे टाळ्या पिटतायत, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी! अख्ख्या मिसिसिपीला सांगून झालंय माझं. बाहेर काही लफडं आहे का त्याचं?

लव्हॉन : असतं तर मी इथं भेंडी चिरत बसले असते का, मिस ओझेला? हा आलाच बघा. डेल्विन, आईंना तू सांगतोस की मी सांगू?

डेल्विन : काही नाही गं आई. परवा मुलाखत आहे. उड्डाणाच्या तासांचा हिशेब जुळवतोय.

ओझेला : मी चौथीत शाळा सोडली. हळूहळू सांग.

डेल्विन : हवाई दलात चाकं जमिनीवरून सुटली की वेळ मोजतात, टेकली की थांबतात. विमान कंपन्या मात्र विमान जागेवरून हललं तेव्हापासून मोजतात. म्हणून अर्ज करताना आम्हाला दर फेरीमागे अठरा मिनिटं वाढवून लिहायची मुभा असते.

ओझेला : हे तर मला पाठ आहे. कोंबड्यांच्या कारखान्यात आम्ही एप्रन-गमबूट चढवून ताटकळत उभ्या. पहिली कोंबडी पट्ट्यावर आली की मग आमचं घड्याळ सुरू. ती अठरा मिनिटं हक्काची. त्यात तोंड लपवण्यासारखं काय?

लव्हॉन : फेरीमागे अठरा, मिस ओझेला. हा नव्या पोरांना शिकवायचा. एकाच फेरीत पाच-सहा वेळा टेकायचं नि परत उडायचं. ह्यानं त्या टेकण्यांनाही अठरा-अठरा लावलीत.

डेल्विन : चूक झाली. मला वाटलं, तीही धरतात.

ओझेला : अशी किती टेकणी धरलीस?

डेल्विन : सदतीस.

ओझेला : तीन वर्षं शिकवत होतास. एकूण टेकलास किती वेळा?

डेल्विन : ...दोन हजार तरी.

ओझेला : आणि चूक झाली सदतीस वेळा. कंपनीला तास किती हवेत?

डेल्विन : हजार.

ओझेला : तुझे किती भरले?

डेल्विन : हजार. वर सहा मिनिटं.

ओझेला : खाली काय बघतोस? इकडे बघ. चुकीला कुठं थांबायचं ते कळत नसतं, बाळा. ही बरोबर हजारावर येऊन थांबली.



डेल्विन : अकरा तास कमी पडत होते. शेवटची दोन वर्षं मला कचेरीत डांबलं, नाहीतर कधीच झाले असते. विमान कंपनीत जो आधी लागला तो जन्मभर पुढं. रजा, मार्ग, कप्तानकी, सगळं रुजू झाल्याच्या तारखेवर. ज्या व्हिटलॉला मी टेकवायला शिकवलं, तो मागच्या महिन्यात लागला. मीच शिकवलेल्या पोराच्या हाताखाली बसू?

ओझेला : बसायचं. मी नाही बसले? माझ्या निम्म्या वयाची पोर मला सुरी कशी धरायची ते सांगायची.

लव्हॉन : ते लोक नोंदवह्या समोर उघडून विचारतात, डेल्विन. तूच म्हणालास.

डेल्विन : इतकं कुणी मोजत नाही. कदाचित कळणारही नाही.

ओझेला : मला कळलं. हिला कळलं. तुला तर तीन दिवस घास उतरत नाही. फोन करून खरं सांगितलंस तर काय करतील?

डेल्विन : मुलाखत रद्द. बहुतेक त्या कंपनीचं दार कायमचं बंद. आई, तू सगळ्यांना काय सांगशील?

ओझेला : माझ्या तोंडाची काळजी मी करीन. उद्या सकाळी फोन कर. अकरा तास कमी असलेला मुलगा मला चालेल, डेल्विन. असा भरून काढलेला नको.