दोरीला गाल नसतो

सभेचे अध्यक्ष अनिसिमकाका, मंचावरचे फादर गेरासिम, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते बंदूक-दुरुस्तीवाले एलिंग तोर्विक, आणि मुलांना मांडीवर घेऊन दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बेटकऱ्यांनो,

अध्यक्षांनी मला चार शब्द गोड बोलायला सांगितलं आहे. गोड मला जमत नाही. घडलं तेवढं सांगते.

आम्ही जाळी टाकतो त्या किनाऱ्यावर माझ्या यजमानांना, नेस्तोरना, अस्वलानं मारलं, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी दोन गोळ्या झाडल्या होत्या. दोन्ही लागल्या. अस्वल थांबलं नाही. रायफल सासऱ्यांनी युद्धातून आणलेली. तिचं काडतूस हरणापुरतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच किनाऱ्यावर जाळी टाकायची होती. दुसरं काय करणार होते मी? मासे आपल्या सोयीनं जागा बदलतात का? सोबतीला फक्त मुलगी, अगाफिया. मी ती रायफल एलिंगकाकांच्या टेबलावर ठेवली.

ते म्हणाले, "मार्फा, ही पुरून टाक."

"हिच्यात जास्त जोराचं काडतूस चालेल असं करून द्या."

"लोखंड म्हातारं आहे गं. नवा जोर सोसला नाही, तर तुझ्याच गालात फुटेल."

"फुटू दे."

"पोर आहे तुला."

"म्हणूनच आले."

त्यांनी रायफल उचलून नळीत डोकावून बघितलं. मग कामाला लागले. नवं काडतूस लांब, म्हणून ते जिथं बसतं ती पोकळी हातानं कोरून खोल करायची. जरा कोरायचं, पुसायचं, मोजायचं. जास्त कोरलं गेलं तर परत भरता येत नाही. मी रोज जाऊन बाकावर बसायचे. घरी बसवत नव्हतं.

काम झाल्यावर दुकानामागं त्यांनी रायफल जुन्या टायरला बांधली, आडोशाला उभं राहून दोरीनं चाप ओढला. पुन्हा ओढला. टिकली. मी हात पुढं केला, तर दिली नाही. स्वतःच्या खांद्याला लावली.

म्हटलं, "अहो काका, दोरीनं बघितलं ना?"

"दोरीला गाल नसतो," म्हणाले, आणि गाल टेकवून झाडली.

माफ करा, जरा पाणी घेते.

तर त्या उन्हाळ्यात, भर दुपारी, अगाफिया धुरीच्या खोपटीत मासे धुरावर सुकायला टांगत होती. अस्वल किनाऱ्यानं आलं आणि थेट खोपटीकडं वळलं. मी ओरडले. त्यानं मान वळवली नाही. मी झाडली. ते बंद दाराशीच कोसळलं. बंदुकीच्या धक्क्यानं माझ्या खांद्याचं हाड मोडलं. दार बाहेर उघडणारं, आणि त्याला टेकून ते धूड. एका हातानं मला हलेना. विस्तव विझव, असं मी तिला फळीच्या फटीतून सांगितलं. बिनतारी रेडिओवरून गावाला हाक मारली आणि फळीशी येऊन बसले.

आतून ती म्हणाली, "आई, बाबांना मारलं ते हेच का?"

"हेच असेल, बाळा."

एलिंगकाका बोट घेऊन आले. त्यांनी दार मोकळं केलं, पोरीला बाहेर काढलं. मग त्यांनी अस्वल सोललं. नेस्तोरच्या दोन गोळ्या मी बोटांनी चाचपून शोधल्या. सगळीकडं शोधल्या. नव्हत्या.

मी रायफल त्यांच्यापुढं धरली. "घेऊन जा. मला नको आता."

त्यांनी अगाफियाकडं बघितलं. म्हणाले, "ठेव. उन्हाळा संपला नाही अजून."

मी ठेवली. अजून त्याच किनाऱ्यावर जाते. नेस्तोरच्या गोळ्या अंगात असलेलं ते अस्वल कुठंतरी फिरतंच आहे.

काका, डोळ्यांनी साथ सोडली म्हणून तुम्ही उद्या लेकीकडं चाललात. थांबा म्हणायचा आम्हाला हक्क नाही. पण तुमच्या दुकानाला कुलूप लागल्यावर आम्ही कुणाच्या टेबलाशी जाऊन बसायचं, हे या मंचावरचं कुणी मला सांगेल का?

माशाची पोळी भाजणाऱ्या बायांचे आणि हॉल तापवून ठेवणाऱ्यांचे आभार. निरोपाच्या घासात मीठ जास्त पडलं असेल, तर पोटात घाला. बसते मी.