कप त्याचा, बशी माझी

...आणि वर म्हणतो कसा, "राजा, आज मला तल्लफ जास्त आहे रे, तू तुझा वेगळा सांग!" तल्लफ? याला? तुम्हाला सांगतो, आयटीआयपासून आम्ही दोघं एकच चहा घेतोय, कप त्याचा, बशी माझी, कंपनीच्या गेटवर चहावाली अंजनीताई न विचारता एकच कपबशी पुढे करायची, आणि या विनीतला एकदम फुल्ल चहाची तल्लफ यावी? ती पण नेमकी, मी त्याला माझा रिपोर्ट सांगितला त्याच्या दुसऱ्या दिवशी? अहो, चहाने होत नाही हो हे!

रिपोर्ट कसला म्हणाल, तर झालं असं, की आपण जयंतीला मंडपात खुर्च्या लावणारा माणूस, रक्तदानाच्या बाजूला फिरकत पण नाही, सुई बघितली की मला घाम... पण त्या वर्षी आमच्या यशोधरेने, म्हणजे बायकोने, भर मंडपात जाहीर केलं, "या वर्षी हे पण देणार आहेत!" आता? टाळ्या पडल्या ना! दिलं. मग ब्लड बँकेतून फोन, एकदम गोड आवाज, "सर, एकदा येऊन जाता का प्लीज? फोनवर नाही सांगता येणार." मला वाटलं सत्कार! इस्त्रीचा शर्ट घालून गेलो हो मी! तर ती मॅडम म्हणते, "सर, हेपेटायटिस सी." मी म्हटलं, ए नाही, बी नाही, डायरेक्ट सी? तर म्हणे पूर्वी त्याला तेच म्हणायचे, 'ए पण नाही, बी पण नाही', नाव नंतर सापडलं. म्हणजे बघा, भाडेकरू घरात घुसून बसलाय आणि सायन्सला अजून त्याचं नाव माहीत नाही!

डॉक्टर म्हणाले, "रक्तातून जातो हा. लहानपणी एकाच सुईने कोणी इंजेक्शनं दिली असतील. नक्की नाही सांगता येणार." असतील? अहो, उल्हासनगरला एक डॉक्टर होते, नाव नाही घेत, वारले बिचारे. ताप असो, खोकला असो, बाकावर ओळीने बसवायचे आणि एकच सुई सगळ्या बाकाला! आणि आपले लोक तरी काय, डॉक्टर नुसत्या गोळ्या देऊन पाठवेल तर आमची आई, भिमाबाई, जिना उतरता उतरता म्हणणार, "सुई मारत नाय, तो कसला डॉक्टर!" त्या बाकावर माझ्या शेजारी कोण? विनीत! आणि मी भोकाड पसरायचो, म्हणून सुई आधी कोणाला? विनीतला! मग मला.

म्हणून तर मी गेटवर त्याला म्हटलं, बाबा, तू पण रक्त तपासून घे. तर हा अर्धा फूट लांब सरकला. "मला काय धाड भरलीये? चामटोलीला घरी रोज गुरांचा चारा काढतो मी!" अरे, मला तरी कुठे काय होत होतं? हा रोग बोंबलत येतच नाही ना! आणि दुसऱ्या दिवसापासून दोन कप. अहो, चहाने होत नाही हो!

मी सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेतल्या, फुकट, रोज एक. दुखलं नाही, खुपलं नाही, तीन महिन्यांत कोर्स संपला आणि पुढच्या तपासणीत विषाणू गायब! रक्त तेवढं आता कधी देता येणार नाही म्हणे, खूण राहते. आयुष्यात एकदाच दिलं, ते पण फेकलं त्यांनी!

विनीतला पेढा दिला, तर पेपरच्या तुकड्यात घेतला. आईला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आमचा कप गावाला बाहेर कोनाड्यात असायचा. पण का वेगळा, ते तरी आम्हाला ठाऊक होतं." मी हसलो. मग हसू आलं नाही. कारण विनीतने ते कधीच केलं नव्हतं हो! त्याच्या घरी इंदुबाईंनी, त्याच्या आईने, आम्हा दोघांना एका ताटात भात कालवून घातलाय. म्हणून लागलं मला. फार लागलं. मी पण मग तोंड फिरवून माझा फुल्ल चहा प्यायचो.

नंतर त्याचं पोट सुटलं. आम्ही सगळे चिडवायचो, "काय विनीतशेठ, भात मानवला!" पाय सुजले, तर म्हणे नवीन बूट. आणि एक दिवस मशीनवर रक्ताची उलटी... मीच रिक्षात घालून नेला. रक्त तपासलं. काय निघणार?

डॉक्टर म्हणाले, "विषाणू जाईल. पण लिव्हर दगड झालंय, ते काही आता पहिल्यासारखं होत नाही." तेच औषध हो! तोच दवाखाना! मला वेळेत मिळालं आणि सुई ज्याला आधी, त्याला गोळी शेवटी. फुगून बसण्यापेक्षा मी त्याची कॉलर धरून नेला असता तर... पण तेव्हा माझं मन त्या दुसऱ्या कपात अडकलेलं.

परवा आला गेटवर. अर्धा राहिलाय. बाकाच्या टोकाला बसला आणि अंजनीताईला म्हणतो, "मला वेगळा दे गं, राजाला परत व्हायचं." माझ्याच तोंडचं वाक्य मी इतक्या जोरात कधी बोललो नव्हतो, "अरे, चहाने होत नाही रे!" ताईने एकच कपबशी ठेवली. विनीतने बशीत माझा चहा ओतला, अर्धा सांडला.

मी म्हटलं, बघ, आली ना अक्कल, सुटली ना ती फुल्ल चहाची तल्लफ?

तर म्हणतो, "तल्लफ आहे रे. पण डॉक्टरांनी अर्धाच सांगितलाय."