भियाचं मत

आमी गोर बंजारा. आमचे पणजे बैलांवर मीठ लादून मुलुखभर फिरत, मंग कवातरी आर्णीकडल्या ह्या माळावर बैल सोडले अन् इथंच तांडा बसला. म्या शाळेत दुसरीपर्यंत गेलो, सही येते, तेवढं पुरलं मले.

काय सांगू तुमाले, आमच्या तांड्यात घरोघरचं मत वेगळं नसे. मतदानाच्या आदल्या दिवशी समदे सेवालाल महाराजाच्या देवळापुढं बसत, पांढऱ्या झेंड्याच्या काठीले हात लावत, अन् नायक सांगे तिकडं तांडा जाये. नायक म्हंजे माझा मोठा भाऊ परसराम. म्या त्याले भिया म्हणतो. त्याले नाई म्हणाचं कधी मनातच आलं नाई, अन् काहून यावं, बाप गेल्यावर त्यानंच वाढवलं मले.

मंग एक पुढारी आला, भियाच्या घरी भाकर खाल्ली, दवाखाना बांधतो म्हणे, नर्सबाई इथंच राहीन, तवा भियानं समद्या तांड्याचं मत त्याले देल्लं. बांधला बी, खोटं कायले बोलू. फीत कापली, पेढे वाटले. त्याच पावसाळ्यात माझ्या सुनेले, सुनीताले, कळा लागल्या. पोरगा वणीले कोळशाच्या ट्रकवर. म्या म्हटलं जीप पाहा, आर्णीले नेऊ. भिया म्हणे कायले, आपल्याले शब्द भेटला हाय, बाई बसली असन. नायकाचा शब्द, तवा खाटेवर टाकून तिकडंच नेली. दाराले कुलूप. हाका मारल्या, माणसं धाडली, मंग जीपबी आली, पण तवापर्यंत दवाखान्याच्या ओसरीवरच सुनीता गेली होती. लेकरू बी गेलं.

पुढच्या मतदानाले म्या काठीले हात नाई लावला. साऱ्यांपुढं भिया म्हणे, शेषराव, तांडा फुटला तं आपल्याले कुत्रं नाई विचारणार. म्या म्हटलं, भिया, एक होतो तवा कोणं विचारलं? अन् उठून आलो. त्यानं माझ्या घरचं पाणी सोडलं.

तवापासून म्या दरखेपी दुसऱ्याले देतो. पोट्टे म्हणतात, बुढा बेंडकावानी उड्या मारून राह्यला, कोणाचं खाल्लं गा? अरे, म्या कोणाचा चहा नाई पेलो. जो खुर्चीवर बसला त्याले उठवाचं, तेवढंच माझ्या हाती हाय. नवा बसते, तोबी तसाच.

यंदा मतदानाच्या सकाळी भिया दारात आला, काठी टेकत, आता दिसत नाई त्याले. ओट्यावर बसला, पाणी मागितलं. इतक्या सालानं. म्या देल्लं. मंग म्हणे, मले मताले घेऊन चाल.

आंधळा म्हणून मलेच त्याच्यासंग मशीनपाशी जाऊ देल्लं. म्या हळूच पुसलं, कोणतं दाबू? तो म्हणे, तुले वाटन ते. मले वाटलं, बुढा माणूस, जन्मभर ज्याचा राह्यला त्याचाच राहू द्या. म्या त्याच जुन्या पुढाऱ्याचं बटन दाबलं.

वाटेनं म्हणे, कोणाले देल्लं? म्या म्हटलं, तुह्याच माणसाले.

भिया उभाच राह्यला. मंग म्हणे, काहून देल्लं गा? म्या सुनीतासाठी आलतो.

म्या हात धरला अन् घरी आणला त्याले. रोज येते आता, ओट्यावर बसते, पाणी मागते, म्या देतो. चालते तसं. तुमी खुशाल राहा बाप्पा, चहा घेतल्याबिगर जाऊ नका.