बुचावरची पत्र्याची पट्टी

समारंभाच्या अध्यक्षा श्रीमती ग्रेबिल, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती हॉलडेनसाहेब, आणि चिली-कॉर्नब्रेडवर ताव मारून सुस्तावलेल्या माझ्या कॉम्प्रेसर स्टेशनच्या मंडळींनो,

साहेबांबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. ते चार शब्द मी बारा वर्षं जपून ठेवलेत.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आपल्या गॅस कॉम्प्रेसरचं तेल पंपातून एका लोखंडी ठोकळ्यात येतं. आत छोटे दट्टे असतात. पहिला आपलं मोजकं तेल ढकलून सरकला की मगच दुसरा हलतो, मग तिसरा. प्रत्येकाचं तेल आपापल्या तोंडातून नळीत जातं; एक तोंड बंद झालं की सगळेच दट्टे अडतात. म्हणून नळी गळली तरी तोंडाला नुसतं बूच मारायचं नसतं. तिचं तेल शेजारच्या तोंडाकडे वळवायचं असतं. हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण साहेबांना कोण शिकवणार?

बारा वर्षांपूर्वी दोन नंबरचं मशीन तेलावाचून जळालं. तेल अडताच मशीन बंद करणारा स्विच साहेबांच्या हुकमाने आधीच तार जोडून निकामी केलेला. तरी साहेब म्हणाले, ऑर्व्हलने तपासणीची फेरीच मारली नाही. ऑर्व्हल माझा भाऊ. तो बघा, शेवटच्या रांगेत. त्या दिवसापासून त्याच्या हातात पाना नाही, आवारातलं गवत कापतो. मी म्हटलं, भांड. तो म्हणाला, “व्हर्ना, जाऊ दे गं. माझ्या पाळीत जळालं, माझं कोण ऐकणार?”

भंगारात टाक म्हणून साहेबांनी त्या मशीनचा तेलाचा ठोकळा माझ्याकडेच दिला. मी तो घरी नेऊन घासला, तर एका तोंडाला बूच मारलेलं निघालं. आपल्या वर्कशॉपचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे: तोंड बंद करणाऱ्याने पत्र्याच्या पट्टीवर नाव, तारीख कोरून तिथे बांधायची. साहेब शिस्तीचे. त्यांनी रिवाज पाळला होता.

मग मी गप्प का बसले? ऑर्व्हलची नोकरी त्यांच्या हातात होती. आज पाच वाजता साहेब निवृत्त झाले आणि ती त्यांच्या हातून सुटली.

साहेब, ही आमची भेट. ठोकळा अक्रोडाच्या फळीवर बसवलाय, पट्टी जागच्या जागी आहे. दिवाणखान्यात लावा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझं काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने क्षमा करा. माईक इथेच ठेवते. साहेब, उठा आणि पट्टीवरचं नाव वाचा. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाऊ द्या.