ढगाखालचा डोंगर

(श्रावण, १९५२. कोल्हापूर, मंगळवार पेठेतलं एक घर. दुपारची वेळ. दारात बैलगाडी थांबली आहे.)

आकाराम : आवो आक्का, रडू नगासा. पोरगं धड हाय तुमचं. हात बगा, पाय बगा. समदं जाग्यावर हाय की!

माई : पण हा बेंगळूरहून मुंबईला जाणार होता. इथं कसा आला? आणि तुम्ही कोण?

आकाराम : म्या आकाराम चौगले, उजळाईवाडीचा. इमानाच्या माळाला लागूनच रान हाय माजं. म्हसरं हिंडवत हुतो. ढगातनं इमान आलं की खाली, एका अंगाचा पंखा बंद! म्हटलं, संपलं. डोळंच मिटलं म्या. उघडून बगतोय, तर हे पावणं माळावर बसून ओकाय लागल्यात.

नृसिंह : आकारामदादा, तेवढं सांगायलाच हवं होतं का?

आकाराम : खरं त्ये सांगितलं. लाजायचं काय त्यात?

माई : एका बाजूचा पंखा बंद? नृसिंह, काय झालं ते नीट सांग. आणि गाळू नकोस काही.

नृसिंह : तीन वर्षांत तू माझ्या कामाचं कधी विचारलं नाहीस, माई.

माई : आज विचारतेय.

नृसिंह : आम्ही तिघं होतो. कॅप्टन सोधी, वायरलेसवाला परेरा आणि मी. मुंबईहून माल घेऊन पुढं समुद्रापार जायचं होतं, म्हणून वाट काढायला मी. बेंगळूर मागं पडलं आणि वायरलेस मुका झाला. थोड्या वेळानं उजव्या इंजिनातनं तेल गळायला लागलं. खाली ढग. जमीन म्हणून कुठं दिसेना.

माई : मग आपण कुठं आहोत, हे कळतं कसं?

नृसिंह : हिशेबानं. होकायंत्र दिशा दाखवतं, वेगाचा काटा असतो, हातात घड्याळ असतं. अमुक दिशेनं, अमुक वेगानं, इतका वेळ गेलो, म्हणजे इथवर आलो असणार. तशी नकाशावर रेघ ओढायची. पण वारा असतो ना! तो दिसत नाही, आणि विमानाला सारखा एका बाजूला ढकलत असतो.

माई : म्हणजे तोंड एकीकडं करायचं आणि जायचं दुसरीकडं.

नृसिंह : अगदी तेच! तुला कसं कळलं?

माई : कुरुंदवाडला आम्ही मुली नदी पोहून जायचो. समोरच्या घाटाला लागायचं असेल, तर धारेच्या वरच्या अंगाला तोंड करून हात मारायचे. नाहीतर कुठल्या कुठं खाली जाऊन लागतो माणूस.

नृसिंह : तू? नदी पोहायचीस?

माई : लग्नाआधी. ते राहू दे. पुढं सांग.

नृसिंह : सकाळच्या हवामानाच्या अंदाजात पश्चिमेचा वारा जोराचा होता. तो आम्हाला पूर्वेला ढकलणार, म्हणून आम्ही नाक पश्चिमेकडं वळवून चाललो होतो. तेल गळतंय म्हटल्यावर कॅप्टन म्हणाले, खाली सपाट देश आहे, ढगातनं उतरू आणि जवळचं मैदान गाठू. पण माझ्या मनात आलं, वारा तेवढा नसलाच तर?

आकाराम : तर काय! पार गगनबावड्याच्या डोक्यावर की!

नृसिंह : तेच. पश्चिमेला सरकलो असू, तर ढगाच्या पोटात डोंगर. वर मात्र लख्ख ऊन होतं. आमच्याकडं सेक्स्टंट असतो, सूर्य किती वर आलाय ते मोजायचं यंत्र. श्रावणात आपल्याकडं सूर्य सकाळभर जवळजवळ पूर्वेलाच असतो. त्याच वेळी जो माणूस पूर्वेला असेल, त्याला सूर्य जास्त चढलेला दिसतो. पश्चिमेला असेल त्याला कमी. मी उंची मोजली, घड्याळ बघितलं, कोष्टकं लावली. रेघ आली ती थेट सह्याद्रीवरून.

माई : चुकली नसेल कशावरून?

नृसिंह : म्हणून परत मोजली. तीच आली. रेघ गिरवताना पेन्सिलीचं टोक मोडलं. कॅप्टनना म्हटलं, उतरू नका.

माई : ऐकलं त्यांनी?

नृसिंह : लढाईत विमान चालवलेला माणूस, माई. मी कालचा पोर. म्हणाले, इतकी वर्षं मी काय झोपेत उडवलं? आणि नाक खाली केलं. काचेवर ढग आला. बाहेर नुसतं पांढरं. मी ओरडलो, ‘अहो, डोंगर आहे खाली!’

माई : मराठीत?

नृसिंह : तोंडातनं तेच निघालं. त्यांना मराठीचं अक्षर येत नाही. शब्द कळले नसतील, आवाज कळला असावा. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग विमान वर खेचलं आणि पूर्वेकडं वळवलं. वळताना खालचा ढग जरा फाटला. आणि काळा कडा दिसला, माई. झाडांच्या फांद्या वेगवेगळ्या दिसत होत्या.

माई : थांब. जरा थांब.

आकाराम : आक्का, टेका बगू भिंतीला. आलाय की त्यो घरला. म्होरं बसलाय.

माई : हं. सांग आता.

नृसिंह : बराच वेळ पूर्वेला गेलो, मगच उतरलो. इंजिन वाटेत बंद करावं लागलं. ढग सुटला आणि खाली ऊस, तुंबलेलं पाणी, वळणं घेत चाललेली पंचगंगा. तिथून पुढं मला नकाशा कशाला लागतोय!

आकाराम : खाली उतरल्यावर त्यो दाढीवाला सायब ह्येंच्यापशी आला. ह्ये वाकून बसल्यालं. त्येनं रुमाल भिजवला आन् लेकराचं पुसावं तसं तोंड पुसलं ह्येंचं. बोलला कायतरी, मला न्हाय समजलं. पर डोळं भरल्यालं त्येचं.

माई : काय म्हणाले रे?

नृसिंह : कॅप्टन म्हणाले, पुढच्या वेळी आणखी मोठ्यानं ओरड.

माई : कुठं आहेत ते दोघं?

नृसिंह : माळावरच. विमान सोडून यायला तयार नाहीत.

माई : उपाशी? आकारामदादा, जाताना डबा न्याल? आणि तुम्ही जेवूनच निघा.

आकाराम : जेवान नगं, चा चालंल. म्हसरं सोडून आलोय. माजी कारभारीण झुंबरबाई गाव डोक्यावर घिऊन बसली आसंल.

नृसिंह : माई, इंजिन दुरुस्त झालं की मला त्यांच्याबरोबर जायचंय.

माई : ठाऊक आहे.

नृसिंह : मला वाटलं, तू नको म्हणशील.

माई : म्हणणारच होते. तुला गाडीतनं उतरताना बघितलं तेव्हा ठरवलं होतं, आता याला सोडायचा नाही. पण त्या दोघांनाही आया असतील.

नृसिंह : माई...

माई : निघशील त्या दिवशी मी येईन माळावर. विमान वर गेलं की कुठल्या बाजूला बघत राहायचं, तेवढं सांगून ठेव.