हाक उजवीकडून मारावी

जबाब

मनोरमा काशीनाथ पेडणेकर, वय ५४ वर्षे, शिक्षण बी.ए., व्यवसाय खासगी शिकवणी, रा. सिल्व्हर पार्क, मीरा रोड (पूर्व).

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, केबिन रोडवरील दुकानदारावर गोळी झाडल्याच्या गुन्ह्यात पाहिजे असलेले काशीनाथ पेडणेकर हे माझे पती आहेत. ते याच ठाण्यात हवालदार होते. खंडणीच्या टोळीला छाप्याची खबर देताना सापडले, बडतर्फ झाले आणि त्यानंतर उघडपणे त्याच टोळीत गेले. दुकानदाराच्या पायाला लागलेली गोळी त्यांनीच झाडली, असे त्यांनी मला सांगितले. त्याबद्दल माझी कोणतीही सबब नाही. शिक्षा व्हावी.

परवा त्यांचा साथीदार पोलिसांच्या गोळीने ठार झाला. आधी त्याने गोळी झाडली, असे मी वर्तमानपत्रात वाचले.

आज सकाळी पती घरी आले. चहा घेतला नाही. पिस्तूल ओट्यावर ठेवून म्हणाले, "मनू, हे तू नेऊन दे."

मी म्हटले, "तुम्हीच चला. हत्यार जवळ नसलं की कोण काय करणार?"

"जवळ नसलं तरी सापडेल. तसले पंचनामे मीच लिहिलेत."

पिस्तूल मी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणून येथे जमा केले आहे. त्यांच्याजवळ दुसरे हत्यार नाही. या वाक्यास जबाब लिहिणारे शिपाई शिवा यांनी हरकत घेतली. "काकू, जबाबात असं येत नाही."

"माझ्या हातचं जेवलायस ना इतकी वर्षं? लिही."

त्यांनी लिहिले.

पती सध्या डोंगरी गावात त्यांचे मित्र रॉक यांच्या घराच्या अंगणात, विहिरीजवळ बसून आहेत. ठिकाण मी आल्याबरोबर साहेबांना सांगितले. कमरेला काही नाही हे लांबून दिसावे म्हणून पतींनी शर्ट काढून ठेवला आहे. अंगात फक्त बनियन व अर्धी चड्डी आहे. मघाशी रॉक यांचा फोन आला. "वयनी, भाऊ हलत न्हाय. हात गुडघ्यावर ठेवलेत. लवकर करा." हे शिवा यांनीही ऐकले आहे. उजेड आहे तोवर अटक करावी. मलाही सोबत न्यावे, अशी विनंती मी साहेबांना केली. उत्तर मिळालेले नाही.

गोळीबाराच्या सरावात पतींचा डावा कान निकामी झाला आहे. डावीकडून दिलेला हुकूम त्यांना ऐकू येत नाही. हात वर केले नाहीत म्हणजे हुकूम मोडला, असे समजू नये. हाक उजवीकडून मारावी.

जबाब मला वाचून दाखवला तेव्हा कानाबद्दलचा मजकूर त्यात नव्हता. मी सही थांबवली, मजकूर घालून घेतला आणि सगळे स्वतः वाचले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मी आले तेव्हा आवारात उभी असलेली पथकाची गाडी मी सही करत असताना तेथे नाही, हेही लिहून घ्यावे.