सोळा पावलांची खोली

नाही नाही, उशीर झाला म्हणून मी कुठे काय म्हणतोय — या, आत या, चपला राहू द्या पायात, मागच्या अंगणातच जायचंय. तुमचं यायचं ठरलं होतं ते मागच्या महिन्यातल्या मंगळवारी, एवढंच सांगत होतो. त्या दिवशी मी सकाळीच फाटक उघडून ठेवलं. मागचे रिकामे डबे, मोडकी शिडी, सगळं एका कडेला लावलं, जागा झाडलीसुद्धा — म्हटलं माणूस माप घ्यायला येतोय, त्याला अडचण नको. मग चहा टाकला. दूध ओतलं, गॅस बारीक केला, तेवढ्यात फोन वाजला. मला वाटलं तुमचाच, ‘पोचतोच दहा मिनिटांत’ म्हणणार. तुम्हा कंत्राटदारांची दहा मिनिटं म्हणजे — हसू नका, खरंच आहे ते. तर फोन तुमचा नव्हता. चहा उतू गेला तो गेलाच, शेगडीवर डाग अजून तसाच आहे. असो. या, इकडून या. पायरी उंच आहे, जपून.

ही जागा. घराच्या या भिंतीपासून ते समोरच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत. लिंबाच्या झाडाला हात लावायचा नाही, ही हिची अट आहे, आधीच सांगतो. एक खोली, तिला लागून न्हाणीघर, आणि उंबरठा कुठेही नको — अर्ध्या बोटाचासुद्धा नको. कशाला म्हणजे? हिला जिना चढवत नाही. घर बघितलंत ना येताना — खाली बैठक नि स्वयंपाकघर, बाकी सगळं वर. बांधलं तेव्हा आम्ही तरुण होतो, जिना म्हणजे काय, दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचो. पाय असे रुसतील हे कुणाच्या ध्यानीमनी. पलंग खाली आणून बघितला, नाही असं नाही. पण न्हाणीघर वर! म्हणजे दिवसातून चार वेळा तोच गड चढायचा. वहिनी? वहिनी... वर आहे ही. नको, नको, तिला कशाला विचारायचं, मला पाठ आहे सगळं. तुम्ही टेप काढा.

एकटेच आलात? मग टोक मी धरतो. तेवढं जमतं मला. एरवी या बाबतीत मी ढ, हे मी कबूल करतो. मापाचं खातं हिचं. तुम्हाला गंमत सांगतो — ही शाळेत कवायतीची बाई होती, एकोणतीस वर्षं. मुली मागून ‘शिट्टीबाई’ म्हणायच्या, हिला ते माहीत होतं, आवडायचंही. खेळांच्या आधी आख्खं मैदान ही पावलांनी आखायची. हातात फक्कीचा डबा, तोंडाने ‘एक-दोन, एक-दोन’, आणि मागे पांढरी रेघ. मुख्याध्यापकांनी एकदा टेप लावून बघितली, शंभर फुटांत वीतभराचाही फरक नाही. “माझं पाऊल म्हणजे अडीच फूट, लिहून घ्या,” असं म्हणायची. मीही लिहून घेतलं. घरात टेप नव्हती असं नाही, शिवणाच्या डब्यात एक होती. पण हिच्या पावलांसमोर टेप काढायची म्हणजे न्यायाधीशाला कायदा शिकवण्यासारखं. कुणाची हिंमत?

थांबा, झाडाला अडकलीय. हां, आता ओढा.

तर तुम्ही चौथे. पहिले तिघे आलेच नाहीत — “आधी फोनवर लांबी-रुंदी सांगा, अंदाज पाठवतो, पटलं तर येतो.” पहिल्याच्या वेळी पायांचं नुकतं सुरू झालं होतं. डॉक्टर म्हणाले, जिना टाळा. हिने दुसऱ्याच दिवशी अंगणात उतरून जागा मोजली, खालूनच मला ओरडून सांगितलं — आठ पावलं! मी आठ गुणिले अडीच केलं, कळवलं, त्याचा अंदाज आला, आणि मी म्हटलं, घाई नको. तीन ठिकाणी विचारल्याशिवाय वीटसुद्धा घेऊ नये असं माझे वडील सांगायचे. शहाण्यासारखं वागलो की नाही? तुम्हीच सांगा. — शहाण्यासारखंच वागलो.

दुसऱ्याला फोन करेपर्यंत दोन-अडीच महिने गेले. मापाचा कागद हरवला होता, माझ्याकडूनच. हिला म्हटलं, एकदा मोज बरं पुन्हा. ती भिंतीला धरून जिना उतरली, मोजलं, म्हणाली, अकरा. मी म्हटलं, आठ होती ना गं? तर म्हणते, “अहो, आत्ता मोजली, अकरा भरली.” मला वाटलं आठ ती रुंदी असेल, आपणच घोळ केला. अकराचा हिशेब कळवला, तर त्या माणसाचा अंदाज पहिल्याच्या जवळपास दीडपट! मी त्याला फोनवर चोर म्हणालो. सरळसरळ. इतका चांगला बोलत होता बिचारा.

मग तिसरा. तिसऱ्याच्या वेळी — जाऊ द्या ते. नाही, सांगतो. मी हिला म्हटलं, आता शेवटचं, मन लावून मोज, प्रत्येक वेळी वेगळंच सांगतेस, लोक मला वेड्यात काढतात. ती उतरली. पाऊण तास लागला असेल. मी वरच्या खिडकीतून बघत होतो — उतरून हात द्यायला हवा होता, पण मी वर होतो, रागात होतो. लिंबापाशी ती थांबली, पुन्हा निघाली. तोंडाने ‘एक-दोन’ चालूच. मग भिंतीला पाठ टेकून वर बघितलं आणि म्हणाली — सोळा. सोळा! मी खिडकीतूनच ओरडलो, “जागा काय रबराची आहे? ताणतेस का तिला?” शेजारच्यांनी ऐकलं असणार. तिने पदराने कपाळ पुसलं. मग हळूच म्हणाली, “अहो, पावलं सोळाच झाली.” आणि मी — मी म्हणालो, एकोणतीस वर्षं काय मोजलंस तू शाळेत? तुला मोजता येत नाही.

तेच माप कळवलं तिसऱ्याला. चिडून कळवलं. त्याचा आकडा पहिल्याच्या बरोब्बर दुप्पट. वर विचारतो कसा, “साहेब, चाळीस फुटांची खोली? गोदाम काढताय की काय?” मी फोन आपटला. म्हटलं सगळे एका माळेचे मणी. आता नीट माणूस मिळेपर्यंत थांबायचं. तुमचं नाव कुणीतरी सांगितलं. तुम्ही म्हणालात, मी आधी येऊन बघतो, मग बोलतो. बरं वाटलं. तुम्हाला मंगळवार दिला.

लागलं का टोक भिंतीला? मी घट्ट धरलंय. किती?

वीस?

नीट बघा. ढिली सोडली असेल मधे. पुन्हा ओढा, ताणून धरा. — वीस. नाही, बरोबर, तुम्ही रोज मोजता, तुमचं कसं चुकेल. वीस. आठ पावलं. आठ गुणिले अडीच वीसच. म्हणजे पहिलंच बरोबर होतं.

पण मग अकरा — ती अकराच म्हणाली होती. आणि सोळा. वीस फुटांत सोळा... सव्वा फूट. थांबा, टेप गुंडाळू नका. सव्वा फूट म्हणजे — केवढं? दाखवा ना टेपवर. एवढंसं? एवढंसं पाऊल?

ती तीनही वेळा बरोबर मोजत होती हो. पावलं बरोबर मोजत होती. पाऊलच तेवढं... आणि मी आपला दरवेळी अडीचने गुणतोय. लोकांना चोर म्हणतोय. सात महिने कुठला माणूस स्वस्त ते बघत बसलो. डोळ्यांसमोर चालत होती माझ्या, आणि मी आकडे बघत होतो. तिला कळलं असेल का? तिसऱ्या वेळी? कळलंच असेल. कवायतीच्या बाईला स्वतःचं पाऊल कळणार नाही? तरी बोलली नाही. ‘पावलं सोळाच झाली’ — एवढंच.

काय म्हणालात? बोलवू? कुणाला? — नाही हो. मघाशी मी वर म्हणालो, ते जिन्यावरचं वर नव्हे. छातीत कफ झाला म्हणून दोन दिवसांसाठी दवाखान्यात ठेवली होती. रविवारी मला म्हणाली, मंगळवारी तो माणूस येणार आहे ना, फाटक उघडं ठेवा, नाहीतर परत जाईल. मी उघडं ठेवलं. तो फोन दवाखान्याचा होता.

नका, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, तुम्हाला काय माहीत. मीच सांगायला हवं होतं दारात. पण तुम्ही फाटकाशी आलात, हातात टेप, आणि मला वाटलं, येऊ द्या. माप तर होऊ द्या. एक काम तरी... तिची शिट्टी आहे अजून, जिन्याच्या खिळ्याला. हाक पोचेना, तेव्हा खालच्या पलंगावरून वाजवायची. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की या.

अंदाज नका पाठवू. खोलीत राहणार कोण? मला जिना चढता येतो.

सोडू? हो, सोडतो. बोट आखडलं होतं, बाकी काही नाही. हं, गुंडाळा. या तुम्ही, फाटक ओढून घ्या जाताना.

तुला मोजता येत नाही, असं मी तिला म्हणालो होतो. तो शब्द मागे घ्यायचा राहिला.